अव्वाची मूठ

वॉर्डबॉयनं कोविड वॉर्डच्या गेटच्या जाळीतनं प्लास्टिकची पिशवी बाहेर दिली. "कल्लप्पांचं कोण हाय?"

पिशवीत अप्पांचं इष्टलिंग. चांदीची डबी, मळकट दोरा.

मी काही विचारायच्या आत अव्वानं, माझ्या आईनं, पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं. एका झटक्यात. मग खालीच बसली आणि ओरडली.

आमच्या लिंगायतांत जित्या माणसाच्या गळ्यातनं ते काढत नाहीत. अप्पा चिंचोळी एमआयडीसीत फिटर. कामावरून आले की आंघोळ, मग ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा, मगच जेवण. हर्नियाच्या ऑपरेशनला डॉक्टर काढा म्हणाले, तर टेबलावरून उठून बसले होते. माणूस गेला की ते त्याच्या हातात देतात आणि त्याला बसवून पुरतात. म्हणून पिशवी बघितली आणि आम्हाला एकच कळलं.

मी काकाला फोन लावला. काका रडायला लागला. वॉर्डबॉय तोवर आत गेलेला.

तेवढ्यात अव्वाचा मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल. अप्पा!

ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला करून म्हणाले, "ऊट आयिता?" जेवलीस का? रोज कामावरून फोन करून हेच विचारायचे, कन्नडमध्ये.

अव्वानं मोबाईल दोन्ही हातांनी धरला.

"स्कॅनला नेताना काढायला लावलं गं. मिळालं का?" मग नीट बघितलं त्यांनी. "कपाळ का उघडं?"

अव्वानं पदर कपाळावर ओढला. अप्पा खोकत खोकत हसले.

"लई घाई झाली की तुला! हाय मी अजून. जपून ठेव ते. आल्यावर घालतो."

शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं आपल्या पिशवीतनं कुंकवाचा करंडा काढून अव्वाला लावलं. कोरोनाचं भान कुणाला होतं?

त्याच आठवड्यात दवाखान्यातनं मला फोन आला.

बॉडीबॅगला चेन, चेनवर टेप. खड्ड्यापाशी महापालिकेची माणसं म्हणाली, बसवून जमणार नाही, आडवंच. मी भांडलो नाही. निदान इष्टलिंगाची डबी वर ठेवू द्या, एवढंच म्हणालो. ठेवा म्हणाले, पण लवकर.

पळत रिक्षापाशी आलो. अव्वा आत बसलेली. मुठीत डबी.

"अव्वा, दे. ठेवायचंय."

"तोंड बघितलास?"

"न्हाई. उघडंनात ते."

"मग?"

"दवाखान्यातनं फोन आला की, अव्वा."

"तवा बी आपण रडलो की. मग?"

तिकडून हाका चाललेल्या. मी तिची मूठ धरली, बोटं उघडायला गेलो. अव्वानं माझ्या थोबाडीत मारली.

"जित्याचं हाय ते!"

मी रिकाम्या हातानं परत गेलो. जेसीबीनं माती ओढली. माझा गाल गरम होता आणि मी त्या बॉडीबॅगकडं बघत होतो. तोंड तर मीही बघितलं नव्हतं.

अप्पांचा मोबाईल दवाखान्यातून परत मिळालाच नाही.

अव्वा रोज सकाळी आधी स्वतःचं इष्टलिंग तळहातावर घेते, मग त्यांचं. कुंकू रुपयाएवढं. काकू कुजबुजते. अव्वा ऐकून घेते आणि चहा टाकते.

आज जेवताना म्हणाली, "राजशेखर, अप्पांच्या नंबरचा रिचार्ज संपला असंल बघ."

मी हात धुतला आणि रिचार्ज मारला.