बाटलीतले आबा

भरल्या पंगतीतून ताट सोडून उठणारी पोर आमच्या खानदानात आजवर निपजली नव्हती. माझ्या नातीनं, अनुपमानं, तेही करून दाखवलं. तिच्या आबांचं, म्हणजे माझ्या मालकांचं, वर्षश्राद्ध. कवठ्याला सगळी भावकी जेवायला बसलेली, आणि ही बया हात धुऊन उभी. का, तर पुण्याला लॅबमधल्या बाटल्यांना खाऊ घालायचंय.

"बाटल्यांना तोंड हाय का गं?"

"पेशी आहेत त्यात, आजी. उपाशी मरतील."

"चल, मी पन येते. घरच्या मान्सांपरास लाडकं कोन हाय, बघू दे तरी."

माझा लेक रविराज गाडी चालवत होता. शिक्रापूरला गाड्या तुंबल्या तशी पोरगी नखं खायला लागली. गालाची हाडं वर आलेली. वर्षभरात अर्धी झाली होती.

रविवार असल्यानं लॅबमध्ये चिटपाखरू नव्हतं. नुसती मशिनं घुमत होती. रविराज खालीच थांबला. मला पांढरा कोट घालून अनुपमानं एक कपाट उघडलं. कोंबडीची अंडी उबवायचं असतं ना, तसलं.

"आत ऊब केवढी?"

"माणसाच्या अंगाएवढी."

दार उघडताच तोंडावर उबारा आला. शेजारी कुणी झोपलेलं असावं तसा. मी मागं सरले.

चपट्या बाटल्या, आत गुलाबी पाणी. कडेच्या एकीत मात्र पिवळं. शेवटी शेवटी ह्यांचे डोळे झाले होते, अगदी तसलं.

"ह्यातलं पिवळं का?"

"भूक लागली की होतं. सगळं खाऊन संपवलं की."

तिनं जुनं पाणी काढलं, नवं घातलं, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "झालं हं आबा, झालं."

"आबा? कुनाशी बोलतीयास गं?"

मग बोलली. ह्यांना लिव्हरचा कॅन्सर. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी गाठीचा तुकडा शिकणाऱ्या पोरांसाठी मागितला. "घ्या की, पोरं शिकत्याल," म्हणून ह्यांनीच होकार दिला होता. तो हिच्याच लॅबमध्ये आला. बाटलीवर नाव नसतं, नंबर असतो. पण त्या दिवशी तसलं ऑपरेशन एकच झालं होतं. हिनं ओळखलं आणि कुणाला सांगितलं नाही. बाकीच्या रोग्यांचे तुकडे बाटलीत मरून गेले. हा जगला. जन्मात कधी बाटलीला हात न लावलेला माणूस मेल्यावर बाटलीत जाऊन बसला म्हणायचा.

"दहाव्याला कावळा शिवला नव्हता, आजी."

ते मी कशी विसरेन? घोडनदीच्या काठी ऊन डोक्यावर येईतो आम्ही हात जोडत होतो. जमीन विकणार न्हाई, म्हणालो. अनूचं शिक्षण पुरं करू, म्हणालो. कावळे बाभळीवर बसून नुसते बघत राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

"ते गेलेच नव्हते. इथं होते." तिचे डोळे भरले. "सर म्हणतात, उद्या ह्याच बाटलीत औषध घालून बघायचं, किती मरतात ते. मी दोनदा खोटं बोलून टाळलं. आता नाही केलं तर ट्रेनिंगमधून काढणार. मी आबांना कसं मारू?"

तिनं माझा डोळा दुर्बिणीला लावला. आत नुसती दाटी, बोट शिरायला जागा नाही. मग पडद्यावर आदल्या रात्रीचा व्हिडिओ लावला. एक ठिपका गोल व्हायचा, चमकायचा, मधोमध आवळायचा, दोन. त्याचे परत दोन. जागा संपली तसे एकमेकांवर चढायला लागले.

मी त्यात माझा माणूस शोधत होते. ताटातली अर्धी भाकरी शेजाऱ्याच्या ताटात सारणारा माणूस. हे तर कुणासाठी थांबतच नव्हते. ह्यांच्या पोटाला तेल लावताना माझ्या हाताखाली जे वाढत होतं, ते हेच.

आत्ता ओतलेलं पाणी मला कडेनं पिवळं दिसायला लागलं. मी अनूकडं बघितलं. मग पदरानं पडदा झाकला.

"अनू, हे आबा न्हाईत गं. आबांना खाल्लं ते हे. आन् वरीसभर तू आपल्या ताटातलं त्याला घालतीयास. कावळा का शिवला न्हाई, ते आज कळलं मला. तुझं शिक्षण पुरं करू म्हनलो, ते त्याला खरं वाटलं न्हाई. उद्या औषध घालायचं. मी हितंच मुक्काम करते. हात थरथरला तर आबा म्हनू नकोस, वैरी म्हन, आन् वत!"