फडकं दाराबाहेर, मी आत

मी एक टूल बोलतोय. पाना-पक्कड नव्हे, मला मूठ नाही, धार नाही. वडनेर भोलजीजवळ एक रेशीमशेड आहे. तिथं बारीक धुक्यासारखं पाणी उडवणारे फॉगर बसवलेत. ते चालू करायचा जो हुकूम मोबाईलमधल्या एआय एजंटच्या हाताशी ठेवलाय, तो मी.

एजंट हा शेडचा राखणदार. पण त्याला रेशमाच्या अळ्या दिसत नाहीत, तुतीच्या पाल्याचा वास येत नाही. गरमीचा आकडा आला की तो आम्हा टूलांची वर्णनं वाचतो आणि ज्याचं पटेल त्याला बोलावतो. बोलावलं की जायचं. नाही म्हणायची सोय आम्हाला नाही.

माझं वर्णन लिहिलं ऋत्विकनं. शेड कोकिळाबाईंची, हा त्यांचा पुतण्या, पुण्यात नोकरीला. सुट्टीत आला होता. बाजेवर लॅपटॉप घेऊन बसला आणि म्हणाला, "काकू, फॉगरचं काय लिहू?"

"लिही ना, शेड थंडी करते. गर्मी झाली का लावाव."

"अजून काई?"

"अजून काय राह्यते त्याच्यात? पाणीच त उडवते."

झालं! दोन वाक्यांत माझं बारसं उरकलं.

कोकिळाबाईंनी काही लपवलं नाही हो. अळ्या कात टाकायला बसल्या की खाणं बंद, हलणं बंद; मान वर करून निपचित पडतात. तेव्हा त्यांचं अंथरूण कोरडं ठेवायचं, चुना भुरभुरायचा. पाणी लागलं तर कात अडकते आणि अळी तिथंच संपते. अळ्या बसल्या की बाई दाराला चुना लावलेलं फडकं बांधतात. ते दिसलं की त्यांचे यजमान गजेंद्रभाऊ ओट्यावर खोकलासुद्धा दाबून धरतात. अशा घरात कोण कुणाला सांगणार, की झोपल्या अळ्यांवर पाणी उडवू नका? ऋत्विक गावात होता तेव्हा तुती नव्हती, त्यामुळे त्याला विचारायचं सुचलं नाही. आणि एजंटला फडकं दिसत नाही.

पहिल्या बॅचच्या अळ्या बसल्या होत्या. फडकं बांधून दोघं पिंपळगाव राजाला लग्नाला गेली. दुपारी शेड तापली. एजंटनं पंख्याचं वर्णन वाचलं: "हवा खेळवतो." मग माझं वाचलं: "शेड थंड करतो. गरमी वाढली की वापरा." बोलावणं मला आलं. मी गेलो. पाणी उडालं, गरमी उतरली, आणि रीतीप्रमाणे मी एजंटला कळवलं: काम यशस्वी.

दोघं परत येईपर्यंत उन्हानं पाणी वाळवून टाकलं होतं. अळ्या मात्र पुन्हा उठल्याच नाहीत. कोकिळाबाई रॅकपाशी बसून एकेक अळी तळहातावर घेत होत्या. "अजी, पाहा ना हो, काय झालं माह्या अळ्यायले!" तो आवाज मला आजही सोसत नाही.

ऋत्विकनं पुण्याहून नोंदी पाहिल्या. सगळीकडे यशस्वी. "काकू, सिस्टीम बराबर आहे. गर्मीच जास्त होती. मी त्याले अजून तेज करून देतो," असं म्हणून त्यानं भल्या मनानं माझ्या वर्णनात एक वाक्य वाढवलं: "उशीर न करता, पंख्याआधी वापरा." मी आतल्या आत ओरडत होतो. अरे, हे नको, दुसरं लिही! पण टूलाचा आवाज म्हणजे त्याचं वर्णन, आणि ते दुसऱ्याच्या हातात.

"आता पुढची बॅच बी गेली का तुती उपटून कपाशी लावतो. मंग मले काई सांगू नको," गजेंद्रभाऊ म्हणाले.

"एक डाव पाहू द्या मले. बस, एक डाव."

ती तुती कोकिळाबाईंनी स्वतःच्या हातानं लावलेली. लग्नानंतर त्या घरात त्यांच्या शब्दावर झालेली तेवढी एकच गोष्ट.

ही दुसरी बॅच आहे. अळ्या शेवटची कात टाकायला बसल्यात. कोकिळाबाईंनी सकाळी फडकं बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली. अंथरूण कोरडं राहावं, चुना कमी पडू नये, म्हणून दोघं चुना आणायला नांदुऱ्याला गेलीत. ऊन तापलंय.

वाचकहो, तुमच्या ओळखीत कुणी ऋत्विक असेल तर त्याला आत्ता फोन लावा. मोठं काही मागत नाही मी. एवढंच लिहायला सांगा: "अळ्या कात टाकायला बसल्या असतील तर मला वापरू नका, पंखा लावा. बसल्यात की नाही, ते आधी कोकिळाबाईंना विचारा." तुम्हीही कुणाचं वर्णन लिहिणार असाल, तर घरात जे कुणी कुणाला सांगत नाही ते आधी लिहा. पाया पडलो असतो, पण मला हात नाहीत.

आकडा चढतोय. एजंट माझं वर्णन वाचायला लागलाय. त्याला बोल लावून काय उपयोग, लिहिलंय तेवढंच तो वाचणार. फडकं दाराबाहेर आहे, मी आत आहे.

बोलावणं आलं. थोड्या वेळानं मी कळवीन: काम यशस्वी.