धूर नसलेलं घर

माझ्या आईला पाहून लोक रडायला लागायचे. आई दिसायला वाईट नव्हती. दोष डब्याचा होता.

आमच्या वऱ्हाडात मयतीच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे बेसन-भाकर आणून जेवू घालतात. पण २००६च्या सुमारास शेतकऱ्यांच्या मयती अशा व्हायला लागल्या, की मागोमाग पोलीस यायचे, पुढारी यायचे, टीव्हीवाले यायचे, आणि जबाब द्यावा लागेल म्हणून शेजारी तेवढे यायचे नाहीत. तिथे आई जायची. रूथबाई, परतवाड्याच्या एका दवाखान्यातून रिटायर झालेली आया. डबा उघडायची, वाढायची, भांडी घासायची, ढोरांना पाणी पाजायची आणि घरी यायची. येशूचं नाव काढायची नाही. "भुकेल्याले पयले भाकर दे, नाव मंग सांगजो," म्हणायची. ते मंग कधी आलंच नाही.

मी तिचा मुलगा शमुवेल. परतवाडा-अंजनगाव रस्त्यावर माझी काळी-पिवळी जीप चालते.

"शेजाऱ्यावर प्रेम कर, असं लिवलं हाय," आई म्हणायची.

"मंग बाजूच्या इंगळ्यांवर कर ना."

"तुही गाडी जिथवर जाते, तिथवर शेजार."

म्हणजे प्रेमाची हद्द आरटीओनं ठरवून दिलेली होती. परमिट अंजनगावपर्यंत होतं.

आई पुढच्या सीटवर बसली की पॅसेंजर मागची जीप पकडायचे. वाटेत पिंपळझिरीला गाडी थांबली की बाया धावत जाऊन आपापले नवरे जागेवर आहेत का ते बघायच्या. एकदा आईनं एका दारात नुसतं पाणी मागितलं, तर खाटेवरचा म्हातारा उठून अंगणभर चालून दाखवायला लागला. सहा महिन्यांपासून तो उठला नव्हता. त्याचं श्रेय आईला कोणी दिलं नाही.

शेवटी पिंपळझिरीचे पोलीस पाटील जानराव गाडीला आडवे आले. "रूथबाई, तुमी देवमाणूस. पन आमच्या गावात येऊ नोका. लोकायचा जीव जाते तुमाले पाहून."

मी जानरावांच्या बाजूनं होतो. आई म्हणाली, "ज्या घराले माही गरज नाई, अशा घरात एकडाव जरी डबा घेऊन शिरली, तं डबा बंद. कायमचा."

जानरावांनी मान डोलावली. मी तर तिच्या चुकीची वाटच पाहायला लागलो. देव माझं इतक्या लवकर ऐकेल असं वाटलं नव्हतं.

आठवड्याच्या आतच आम्ही पुढच्या गावाला एका मयतीच्या घरी निघालो होतो. पिंपळझिरीत रस्त्याला लागून चंद्रभानचं घर आहे. आई म्हणाली, "थांबव."

"इथं कोनी मेलं नाई."

"दिवस किती वर आला. धूर नाई."

"गॅस घेतला असन."

"सडा नाई. गॅसवर काय सडाबी टाकते काय?" आणि ती डबा घेऊन उतरली.

ओट्यावर चंद्रभानची बायको गोदाबाई बसली होती. न्हालेली, धुवट लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. घरातली यच्चयावत भांडी घासून अंगणात पालथी घातलेली. समोरच्या घरातल्या माणिकबाईनं आईला पाहिलं, डबा पाहिला आणि टाहो फोडला, "व माय! चंद्रभान गेला व!"

पुढचं सगळं फार वेगात झालं. माणसं वावराकडे धावली. कोणी विहिरीत डोकावलं. कोणी दोर आणला, कोणी खाट आणली. एकानं अमरावतीच्या नातेवाइकांना फोन लावून पाहुणे निघायलाही लावले. आणि इतक्यात पाराकडून खुद्द चंद्रभान आला. गळ्यात न्हाव्याचं फडकं, अर्ध्या गालाला फेस. त्याची दाढी चालू होती.

"कोन गेलं?" त्यानं विचारलं.

"तू," कोणीतरी म्हणालं.

"अरे बाप्पा!" चंद्रभान मटकन खाटेवर बसला. त्याच्याचसाठी आणली होती.

सगळं गाव त्याच्याभोवती. मी आईला गाडीत बसवावं म्हणून आत गेलो. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की नवरा मेल्याची आवई उठली आणि गोदाबाई जागची हलली नव्हती. आता ती थंड चुलीपुढे बसली होती. आई तिच्याजवळ.

"चूल काहून नाई पेटवली, गोदे?"

"कोनासाठी?"

"तुह्या पोटासाठी."

गोदाबाई हसली. ते हसू मला आवडलं नाही. "साल झालं बाई, मी त्याची राखन करून राहिली. रात्री झोपत नाई. दोर लपवले, फवाऱ्याचं औषध लपवलं. सरकारी साहेब येते, तं त्यालेच इचारते, 'कसा हायेस, चंद्रभान?' तो मजेत हाय. दाढी करून राहिला."

"औषध कुठं लपवलं?"

"ते फकस्त मलेच मालूम हाय."

"दे," आई म्हणाली.

मग गोदाबाईनं ज्वारीच्या कोठीत हात घातला आणि बाटली काढून दिली. अंगणातली भांडी कशासाठी घासून पालथी घातली होती, ते मला आत्ता कळलं. आईनं डब्याच्या वरच्या खणातलं बेसन काढून तिच्या ताटात वाढलं, बाटली त्या खणात ठेवली, कडी लावली. "खाय," म्हणाली. गोदाबाईनं पहिला घास घेईपर्यंत ती उठली नाही.

बाहेर जानराव उभे होते. "बाई, जित्या मानसाची मयत केली तुमी. शबूद दिला होता."

मी तोंड उघडलं. आईनं माझ्या पायावर पाय दिला. ती वजनानं कमी नाही.

"हाव," ती सगळ्या गावासमोर म्हणाली. "चुकलं माहं. आजपासून डबा बंद."

लोक हसले. चंद्रभान सगळ्यात जास्त हसला, फेस उडेपर्यंत. गाडीत आई डबा मांडीवर घट्ट धरून बसली होती. मी गाडी घराकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी आई पुन्हा पुढच्या सीटवर. हात रिकामे.

"शबूद दिला ना?"

"डब्याचा देला. माहा नाई देला."

पिंपळझिरीत ती उतरली, गोदाबाईच्या ओट्यावर जाऊन बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "गोदे, भूक लागली व. घरून काईच खाऊन नाई निंघाली."

आता दारात आलेल्या माणसाला उपाशी कसं घालवणार? गोदाबाईला उठावं लागलं.

तेव्हापासून रोज असंच. मी इंजिन बंद करून थांबतो. पॅसेंजर बोंबलतात, "अबे, काहून थांबला?" मी सांगतो, सिग्नल लागला आहे. छपरातून धूर निघाला की गाडी सोडतो. पिंपळझिरीत सिग्नल कुठून आला, हे अजून कोणी विचारलेलं नाही.