वर हिरवा, खाली लाल

मी एक जुना स्विच आहे, मित्रांनो. हाताने वरखाली करायचा, बोटाच्या पेराएवढ्या खटक्याचा. मिनेसोटातल्या एका घराच्या तळघरात हुबेहूब खऱ्यासारख्या छोट्या आगगाड्या धावतात आणि त्यांच्या जंक्शनचा सिग्नल माझ्या ताब्यात आहे. खटका वर केला की हिरवा, खाली केला की लाल. दोन्ही रंग एकाच भिंगातून उमटतात.

मला इथे बसवले आर्विड लिंडक्विस्ट यांनी. उभा जन्म खऱ्या रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. टेबलाखाली उताणे पडून त्यांनी माझ्या तीन पितळी पायांना डाख देऊन तारा जोडल्या. दर गुरुवारी त्यांचे मित्र गाड्या चालवायला येत. नियम एकच: पुढचा रूळ बघायचा नाही, सिग्नल बघायचा. लाल ओलांडणाऱ्याने पुढच्या खेपेला सगळ्यांसाठी डोनट आणायचे. माझ्यामुळे कधी टक्कर झाली नाही, याचे सगळे कौतुक करत आणि मी मनातल्या मनात फुगून जाई.

पण गेल्या उन्हाळ्यापासून माझ्या जिवाला घोर लागला. आर्विड दिव्याकडे बघेनासे झाले. बोटाने माझा खटका चाचपायचे आणि मगच “हिरवा” म्हणायचे. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, पण ते ताकास तूर लागू देत नव्हते. कळले असते तर मोटार चालवणे बंद झाले असते, आणि शनिवारी नात ब्रिटाला स्केटिंगला नेणे ही त्यांच्या आठवड्यातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. वरच्या गॅरेजमधून त्यांची गाडी बाहेर पडली की ती परतेपर्यंत मी धास्तावलेला असे. माझ्या भरवशावर ते घरच्यांना फसवत होते, आणि मला तोंड नव्हते.

अशात माझ्या तारा तुटल्या. आर्विडना आता टेबलाखाली शिरवत नव्हते, म्हणून त्यांची मुलगी मार्लिस शिरली. वर हिरवा ना, असे तिने विचारले, हो म्हटल्यावर हिरव्या दिव्याची तार माझ्या वरच्या पायाला आणि लालची खालच्या पायाला डाख देऊन जोडून टाकली. आमची जात सी-सॉसारखी असते, मित्रांनो. खटका वर गेला की आतला पत्रा खालच्या पायाला टेकतो. हे आर्विडना झोपेतही ठाऊक होते, पण सांगायचे राहून गेले. खालून मार्लिसने विचारले, “आता कुठला लागला?” त्यांनी माझा खटका वर केला, चाचपला आणि म्हणाले, “हिरवा.” दिवा लाल होता.

गुरुवारी त्यांचा जुना मित्र लाइल मालगाडी घेऊन जंक्शनशी आला आणि थांबला.

“निघ की आता,” आर्विड म्हणाले. “हिरवा दिलाय.”

“मला डोनट आणायला लावतोस होय रे, लबाडा?”

“अरे, हिरवा आहे म्हणतोय ना.”

लाइलचे हसू मावळले. मार्लिसने दिव्याकडे पाहिले, मग माझ्यावर टेकलेल्या बोटाकडे.

“बाबा, दिवा कुठला आहे?”

“खटका वर आहे.”

“खटका नाही विचारला मी. दिवा.”

मग आर्विड हळूच म्हणाले, “सगळं मळकट पिवळं दिसतं गं.”

“आणि शनिवारी ब्रिटाला नेता ते?”

“चौकातले दिवे पाठ आहेत मला. वरचा लाल, खालचा हिरवा.”

“धान्याच्या कोठारापाशी एकच दिवा लुकलुकतो, बाबा, वर-खाली काही नाही. तिथे काय करता?”

आर्विडनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. ती रडली, ते रडले नाहीत. मला मात्र फार वाईट वाटले, आणि खरे सांगतो, सुटल्यासारखेही वाटले.

आता ऑपरेशनची तारीख ठरली आहे. मार्लिसने माझ्या तारांची अदलाबदल केली. काल आर्विडनी खटका वर केला, पण बोट काढून घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याला विचारले, “कुठला आहे गं?”

मित्रांनो, आम्हा स्विचांची धूळ पुसा, तारा तपासा, एवढे तर मी मागणारच. पण तुमच्या घरातले कोणी न बघता, चाचपून उत्तरे देत असेल तर त्यांच्यावर हसू नका आणि ओरडूही नका. शेजारी बसा, दिव्याकडे बोट दाखवा आणि रंग विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तरी उठू नका.