दुसरी शेणी

बाळासोनं चहाची बशी तोंडाला लावली आणि डोंगराकडं बघितलं. पूर्वेच्या अंगाला धूर निघाला होता. आता वाडीत आरडाओरडा होणार, लोक हिरवे डहाळे घेऊन पळणार आणि आपण अंगणात बसून 'अरेच्चा, हे कसं झालं' म्हणायचं, असं त्याचं ठरलेलं. चाळीस वर्षांचा सराव होता माणसाला.

डोंगर भाजल्याशिवाय गवत कवळं येत नाही, हे त्याच्या बापानं सांगितलेलं. पुढं वनखात्यानं बंदी घातली, तेव्हा बाळासोनं युक्ती काढली. पेटती शेणी, म्हणजे गोवरी, वाळल्या गवतात ठेवायची आणि घरी यायचं. ती तासभर धुमसते, मग गवत पेट घेतं. तोवर लावणारा घरी चहा पीत असतो.

यंदा त्यात सुनेवरचा रागही मिसळला होता. तेजस्वी वाडीच्या वणवा समितीची प्रमुख झाली होती. महिनाभर घरोघर हिंडून सांगत होती: भाताच्या पिंजराची गंजी घरापासून लांब न्या, भिंतीला रचलेल्या शेण्या हलवा, कौलांवरचा पाला काढा, पिंपं भरून ठेवा. वणवा अडवायला पायथ्याचं गवत कापून जाळपट्टा काढायला तिनं घरटी एक माणूस मागितला.

"आता सुनंकडनं डोंगर शिकायचा व्हय?" बाळासो पारावर म्हणाला. लोक हसले. त्याच लोकांनी दुसऱ्या दिवशी विळे उचलले, ते त्याला फार झोंबलं.

म्हणून आज दोन शेण्या. एक पूर्वेला आणि दुसरी खिंडीत, कारण तिथला पट्टा कापायचा अजून राहिला होता.

एवढ्यात त्याच्या तोंडावर गरम झळ आली. दरवर्षी दुपारचा वारा डोंगर चढतो. आज तो खाली उतरत होता. बाळासोनं बशी खाली ठेवली. खिंडीच्या बरोबर खाली एकच घर, इलाही गवंड्याचं. बाळासोचं घर त्यानंच बांधलेलं, लहानपणापासूनची दोस्ती. दोन वर्षांमागं त्याला लकवा झाला आणि तो बाजेला खिळला. त्याची बायको बिबीजान सकाळीच पेठ वडगावला लेकीकडं जाताना बाळासोला भेटली होती. ते त्याला आत्ता आठवलं. इलाही घरात एकटाच होता.

"आबा, डहाळा घ्या न्हायतर पाणी भरा!" तेजस्वी ओरडत पूर्वेकडं पळाली. तिच्यामागं सगळी वाडी.

बाळासो एकटाच खिंडीकडं पळत सुटला. गुपचूप शेणी विझवायची, कुणाला काही कळायचं नाही. पण अर्ध्या शेतातच गुडघे बोलायला लागले, धाप लागली. चढ अजून सुरूही झाला नव्हता. शेणी ठेवून तास होत आला होता. गप्प राहिलं तर अब्रू राहते आणि इलाही जातो. हिशोब साधा होता. तो माघारी वळला आणि पडत-झडत पूर्वेला पोचला.

"तेजस्वी! हितलं सोड, खिंडीत चल!"

"खिंडीत काय हाय? धूर तर हितं हाय."

"दुसरी शेणी हाय तिथं."

शेजारचा आकाराम डहाळा हातात धरून थांबला. "तुला कसं ठावं?"

"मीच ठेवलीया."

सगळ्यांचे डहाळे थांबले. जमिनीनं पोटात घ्यावं असं बाळासोला झालं. तेजस्वीनं मात्र एकच विचारलं, "किती वेळ झाला?"

"तास झाला."

धूर बघून आलेल्या वनरक्षक नाजियानं दहा माणसं तिथंच ठेवली आणि बाकीच्यांना घेऊन ती पळाली.

खिंडीतल्या गवतानं पेट घेतला होता. जाळ उतारावरनं खाली येत होता, वारा त्याला ढकलत होता. आकाराम पुढं धावला, बाळासो धापा टाकत मागनं पोचला. धुरात खोकणाऱ्या इलाहीला दोघांनी बाजेसकट उचललं. बाहेर आले तेव्हा जाळ अंगणाच्या कडेला टेकला होता. पंधरा दिवसांमागं तेजस्वीनं स्वतः इथल्या शेण्या हलवल्या होत्या, अंगण झाडून उघडी माती केली होती. मातीवर जाळाला खायला काही मिळालं नाही. ओली पोती, डहाळे, जे हाताला लागलं त्यानं बायाबापड्यांनी तो झोडपून काढला. मागचं शेळ्यांचं रिकामं छप्पर तेवढं गेलं.

बाज रस्त्यावर टेकली. इलाहीनं चांगल्या हातानं बाळासोचा हात धरला.

"ह्या वयात, धापा टाकत, तू माझ्यासाठी धुरात शिरलास. दोस्त म्हणायचा तर असा."

आकाराम खाली बघायला लागला. बाळासोलाही गप्प बसता आलं असतं.

"इलाही, मीच लावली रं," तो म्हणाला आणि पोरासारखा रडला.

इलाहीनं हात सोडला. त्यानं जळक्या छपराकडं बघितलं.

"जाळपट्ट्याला माझ्या घरातनं माणूस न्हाय," तो म्हणाला. "माझ्या वाटणीचा तू कापायचास."

"कापतो."

"यंदाच न्हवं. मी हाय तवर."

नाजियानं गुन्हा नोंदवायला वही उघडली. "पूर्ण नाव?"

तेजस्वीनंच ते सांगितलं, आडनावासकट. मग तिनं आपला विळा सासऱ्याच्या हातात दिला.