दारावरचं नाव

मी एक जुनी गाडी आहे. मित्रांनो, आधी नाव सांगायची पद्धत आहे हे मला ठाऊक आहे. पण माझं नाव मला सांगता येत नाही. तुम्हीही विचारू नका. विचारणाऱ्यांनीच मला वैताग आणला आहे.

जपानमधल्या एका कारखान्यात मी तयार झाले आणि बोटीनं ऑस्ट्रेलियात आले. पहिली नऊ वर्षं रानातलं तण मोजणाऱ्या एका खात्यात गेली. तिथल्या साहेबांनी माझा स्प्रिंगचा पाटा मोडला, मागचं दार वाकवलं आणि ‘निकामी’ असा शेरा मारून मला लिलावात उभं केलं. तिथून मला त्यानं आणलं. तो म्हणजे वाळवंटातल्या आमच्या वस्तीतला अनंगू, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक माणूस. त्यानं पाटा बदलला, मागचं दार कुंपणाच्या तारेनं बांधलं आणि दुकानाच्या भिंतीला लावून उरलेल्या पिवळ्या रंगानं माझ्या डाव्या दारावर स्वतःचं नाव लिहिलं. अंदाज चुकला. शेवटची दोन अक्षरं बिजागरीत घुसली. मग वस्तीत मलाही लोक त्याच नावानं हाक मारू लागले. बाईला पुरुषाचं नाव, पण मला ते आवडायचं.

आम्ही दोघं प्रवासी न्यायचो. शहरातून माणसं यायची, टोप्या घालून, अंगाला माश्या पळवायचं औषध फासून. तो त्यांना लाल वाळूतून पाणवठ्यावर न्यायचा, झुडपाच्या मुळातली पांढरी अळी उकरून दाखवायचा, निखाऱ्यात कांगारूची शेपटी भाजायचा. शेपटी दुकानातल्या फ्रीजमधली असायची. त्यानं ते कधी लपवलं नाही.

“पण खरे आदिवासी कुठे राहतात?” एकदा एकानं विचारलं.

“खरा आज रजेवर आहे,” तो म्हणाला. “मी बदली कामगार.”

त्या माणसानं ते वहीत लिहून घेतलं.

मित्रांनो, हे काम तो हौसेनं करत नव्हता. प्रवासी आले की डिझेल यायचं. डिझेल आलं की वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका माझ्या मागच्या बाकावर बसून आपल्या पाणवठ्यावर जायच्या, तिथली गाणी म्हणायच्या, तिथली वाळू साफ करायच्या. त्यांच्यात त्याची विल्मा आत्या सर्वांत थोरली. चालत जायचं तिचं वय नव्हतं. मी बंद पडले की तिची भूमी तिला बंद.

मग त्याची मूत्रपिंडं गेली. रक्त धुणारं यंत्र साडेचारशे किलोमीटरवर. तो तिकडेच गेला आणि तिकडेच संपला.

आमच्यात मेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. शोक संपेपर्यंत, म्हणजे एक वर्ष, दोन वर्षं, म्हातारी माणसं सांगतील तोवर. त्याचा फोटो झाकतात. त्याच नावाचं दुसरं कुणी असेल तर त्याला तोवर ‘कुन्मानारा’ म्हणतात. वस्तीत टायर दुरुस्त करणारा त्याच नावाचा होता, तो कुन्मानारा झाला. दुकानदाराचा मुलगा कुन्मानारा झाला. मीही झाले. पुढे एका प्रवाशानं इंटरनेटवर लिहिलं की इथे कुन्मानारा हे नाव फारच लोकप्रिय दिसतं. काय बोलणार?

मेलेल्याची गाडी खरं तर लांबच्या नातेवाइकांकडे देऊन टाकतात. पण त्याची धाकटी बहीण डल्सी अडून बसली. गाडी गेली तर आत्याला पाणवठ्यावर कोण नेणार? तिनं मला शुद्ध करायला हिरव्या फांद्या पेटवून माझ्या चारी दारांतून धूर फिरवला.

विल्मा आत्यानं हनुवटीनं माझं डावं दार दाखवलं. “नाव झाक,” ती म्हणाली. “मग बसेन.”

डल्सीनं नावावर करड्या चिकटपट्टीच्या चार पट्ट्या चिकटवल्या आणि प्रवासी न्यायला सुरुवात केली.

आता शहरातल्या ग्रँटची गोष्ट. प्रवासी तो पाठवायचा. त्यानं नवी पत्रकं छापली. वर आमच्या माणसाचा हसरा फोटो, खाली नाव, जाड अक्षरांत. डल्सीनं फोन लावला.

“ग्रँट, पत्रकं बदल म्हणून मी तीनदा सांगितलं.”

“लोक त्याच्या नावावर येतात, डल्सी.”

“तो नाहीये आता.”

“म्हणूनच. ही त्याला श्रद्धांजली आहे.”

“श्रद्धांजली कशी द्यायची ते आम्हाला ठरवू देशील?”

“पुढच्या छपाईला बघू,” म्हणून त्यानं फोन ठेवला. मी डिझेलवर चालते हे त्याचं नशीब. पेट्रोलवर असते तर भडका उडाला असता.

डल्सी दर खेपेला प्रवाशांकडून पत्रकं गोळा करायची आणि सांगायची, “तुम्हाला एक नाव माहीत आहे. ते दिवसभर तोंडात आणू नका. एवढंच.” सगळे माना डोलवायचे. माना डोलवण्यात ही माणसं फार हुशार.

सप्टेंबरात पाच जण आले. त्यांत हेलन नावाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला रागावणं सोपं गेलं असतं. पाणवठ्यावर आत्या माझ्या मागच्या बाकावरून उतरत होती, डल्सी तिचा हात धरून होती. उन्हानं माझ्या दारावरची एक पट्टी कोपऱ्यातून सुटली होती. हेलनबाईंना लोंबतं काही बघवत नसावं. त्यांनी ती ओढली. मग दुसरी ओढली. मग तिसरी, चौथी.

“अय्या, खाली अक्षरं आहेत,” त्या म्हणाल्या, आणि मोठ्यानं नाव वाचलं. उच्चार चुकला असं वाटून पुन्हा वाचलं. एकेक अक्षर सुटं करून, शाळेत वाचतात तसं.

विल्मा आत्यानं डोक्यावरून पांघरूण घेतलं. वाळूत बसली, माझ्याकडे पाठ केली आणि बारीक आवाजात रडू लागली.

“मी फक्त नीट उच्चार करत होते,” हेलनबाई म्हणाल्या.

“नीटच केलात,” डल्सी म्हणाली. “म्हणूनच.”

“मला त्यांची माफी मागू द्या. मी त्यांना जवळ घेते.”

“नको. तुम्ही गाडीत बसा. आणि आता बोलू नका.”

थोड्या वेळानं आत्या उठली. डल्सीनं माझं दार उघडलं.

“आत्या, चल. ऊन लागेल.”

“यात नाही.”

“सहा किलोमीटर आहे गं.”

“माझ्या पायांना ठाऊक आहे किती आहे ते.”

ती चालू लागली. डल्सी पाण्याची बाटली घेऊन तिच्या शेजारी चालली. टायरवाला कुन्मानारा मदतीला आला होता, तो मला तिच्या मागून पहिल्या गिअरमध्ये आणत होता. माझं पाणी उकळायला लागलं. अर्ध्या वाटेवर आतल्या एका प्रवाशानं विचारलं, “जेवण मग वस्तीतच का?”

आठ दिवसांनी ग्रँटचा फोन आला. आवाजात आनंद. हेलनबाईंनी पाच तारे दिले होते. एका वृद्ध स्त्रीचा शोक प्रत्यक्ष पाहायला मिळाला, असा अस्सल अनुभव जन्मात घेतला नव्हता, असं लिहिलं होतं.

“त्या आजी पुढच्या वेळीही येतील का?” ग्रँटनं विचारलं. “म्हणजे मला तसं लिहिता येईल.”

“ग्रँट, तुझी माणसं आता पाठवू नकोस. एकही नाही.”

“माझ्याशिवाय तुला कोण देणार प्रवासी?”

“ते मी बघेन. तू आधी तो फोटो काढ.”

मी अंगणात उभी होते, सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती पत्र्याची खरवडणी घेऊन आली आणि तिनं माझ्या दारावरचं नाव खरवडून काढलं. पार धातू दिसेपर्यंत. ती काम करत होती तोवर तिनं त्या दाराकडे नीट पाहिलं नाही. मान वळवूनच खरवडत होती. मग तिनं मला पश्चिमेला सातशे किलोमीटरवरच्या मावसभावाकडे दिलं आणि बदल्यात त्याची खटारा गाडी नेली. तिला मागे जायचा गिअर नाही. डल्सी पाणवठ्यावर गोल वळसा घेते म्हणे, म्हणजे मागे घ्यायला लागत नाही. प्रवासी निम्मे झालेत, बुकिंग वस्तीतल्या चित्रकेंद्राच्या फोनवर होतं. पण विल्मा आत्या मागच्या बाकावर बसते. इथे लाकडं घ्यायला आलेल्या पाहुण्यानं सांगितलं.

मी आता सरपण वाहते. दाराला गंज लागला आहे. माझी तक्रार त्या घराबद्दल नाही. त्यांनी माझं नाव काढलं ते बरोबर केलं, मला दूर धाडलं तेही बरोबर केलं. माझी तक्रार तुमच्याबद्दल आहे, मित्रांनो. तुम्हीही कधी कुणाच्या भूमीवर सुट्टीला जाल. तिथे एखादी बाई तुम्हाला एकच गोष्ट करू नका म्हणेल. तिला कारण विचारू नका, मान डोलवू नका, तिच्या दुःखाला तारे देऊ नका. फक्त ती गोष्ट करू नका. आणि वाचता येतं म्हणून सगळं मोठ्यानं वाचायचं नसतं.