रविवारी सकाळी सातची धून

प्रणिताच्या रक्षाविसर्जनाला माणसं बरीच जमली होती. अस्थी गोळा करून झाल्या होत्या, पुरुषमंडळी स्मशानातल्या नळावर हातपाय धूत होती, तेवढ्यात सात वाजले आणि एकाच्या खिशात टिंग वाजलं. मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. बघता बघता दहा-बारा मोबाइल वाजले आणि कुणा शहाण्याचा अंगठा नको तिथं पडला. निपाणीच्या स्मशानात पत्र्याची बासरी वाजायला लागली. धूनही अशी, की वरातीतली पोरं नाचली असती. पडद्यावर प्रणिताच्या नवऱ्याचा, वृषभचा फोटो होता आणि खाली नाव होतं: ‘आज ह्यांचा मूड झकास!’

सगळ्यांनी वृषभकडं बघितलं. परवा बायको गेलेला माणूस हातात तांब्या धरून उभा होता. त्याला काहीच वाटलं नाही. लाज नाही, राग नाही, आणि खरं सांगायचं तर दुःखही नाही. शुक्रवारी बेळगावला डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हापासून हे असंच चाललं होतं. दात काढायला सुई टोचल्यावर आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं त्याला सगळं अंग वाटत होतं.

“दाजी, आज तरी?” प्रणिताचा धाकटा भाऊ आदर्श दबक्या आवाजात म्हणाला.

“मी न्हाय टाकलं.”

“मग काय भुतानं टाकलं?”

हा शब्द त्या जागी बोलायला नको होता, हे आदर्शलाही कळलं. तो नळाकडं वळला. पण दुपारपर्यंत ही गोष्ट चिकोडीपर्यंतच्या सगळ्या पावण्यारावळ्यांत पोचली. लोकांचं तोंड कोण धरणार!

आता हे टाकलं कुणी, तर खुद्द प्रणितानंच.

वृषभ हायस्कुलात लॅब असिस्टंट. दोन वर्षांपूर्वी त्याच्या भाच्यानं आयर्लंडहून येताना ही टिन व्हिसल आणली. वीतभर लांबीची, सहा भोकांची पत्र्याची नळी. भाच्याला वाटलं, मामा शोकेसमध्ये ठेवील. मामानं तोंडाला लावली ती लावलीच. प्रणितानं मग फोनवर चॅनेल काढलं आणि लग्नाकार्यात भेटेल त्याचा मोबाइल हातातून काढून घेऊन त्यातली नव्या धुनेची वर्दी देणारी घंटी स्वतः दाबून दिली. एकाला सोडलं नाही. वाजवणं तेवढं वृषभचं. बाकी फोन धरणं, पुढचं-मागचं कापणं, नाव देणं, रविवारी सकाळी सातला पाठवणं, सगळं तिचं. रेकॉर्डिंग ज्वारीच्या पोत्यांच्या खोलीत व्हायचं, कारण तिथं आवाज घुमत नसे. तेवढा वेळ पंखा बंद, कुकर बंद, आणि प्रणिताची आई अक्काताई, ज्या नऊ वर्षं लेकीकडंच राहत होत्या, त्यांचा खोकलाही बंद. “ह्या पिपाणीपायी एक दिवस माझा जीव जायचा,” असं त्या पदर तोंडाला लावून म्हणत.

मग प्रणिताच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन साधं होतं. बेळगावला जाताना गाडीत ती म्हणाली होती, “महिनाभर मला वाकायला यायचं न्हाय. तुमच्या धुना फोनात भरून ठेवल्यात. दर रविवारी आपोआप जातील.” वृषभ फायलीतले रिपोर्ट लावत होता. त्यानं नुसतं हं म्हटलं. ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी रक्ताची गाठ फुफ्फुसात जाऊन अडकली आणि संपलं. त्याला वाईट याचं वाटायला हवं होतं, की आपण नुसतं हं म्हटलं. तेही वाटलं नाही.

तिच्या फोनाला कुलूप होतं आणि ते उघडायची खूण तिलाच ठाऊक. त्यामुळं किती धुना भरल्यात, कधी थांबणार, कुणालाच माहीत नव्हतं. हे वृषभनं सगळ्यांना सांगितलं. काहींनी मान डोलावली. अक्काताईंनी नाही. त्या दिवसापासून त्यांनी जावयाशी बोलणं टाकलं. दोघंच उरली होती घरात, तरी त्या भिंतीकडं बघून म्हणायच्या, “जेवाण झाकून ठेवलंय म्हणावं.” शेजारच्या मंगलला मात्र त्यांनी माजघरात स्पष्ट सांगितलं आणि ते वृषभनं पलीकडच्या खोलीत ऐकलं.

“माझी तर लेक गेली. ह्यांचं काय गेलं? डोळ्यातनं टिपूस न्हाय. पिपाणी तेवढी चालू.”

वृषभ शर्टाला बटणं लावत होता. अक्काताई खरं बोलतात की काय, अशी भीती त्याला वाटली. सतरा वर्षांचा संसार झाला आणि आपल्याला तिचं काहीच नव्हतं की काय? ही भीती तेवढी एकच वाटण्यासारखी गोष्ट त्याच्यात उरली होती. त्यानं उरलेली बटणं लावली आणि तो शाळेत गेला.

दुसऱ्या रविवारी सातला पुन्हा धून आली. ‘भाजी खारट झाली तरी वाजवलं’ असं तिचं नाव होतं. आदर्शचा बेळगावच्या टिळकवाडीहून फोन आला. “दाजी, ताईचा मोबाइल माझ्याकडं द्या. हितं एकजण कुलूप काढून देतोय. आईला लई तरास व्हायलाय.” वृषभ “देतो” म्हणाला आणि दिला नाही. का दिला नाही, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सुतक फिटलं, तो देवदर्शनाला जैन बस्तीत जाऊन आला, शाळेत पोरांना आम्ल मोजून देऊ लागला. थेंबभर इकडं-तिकडं होत नव्हतं. तिसऱ्या रविवारी धून आली, चौथ्या रविवारी आली. खाली ओळखीपाळखीची नसलेली माणसं लिहीत, ‘वहिनी, दादांना नमस्कार सांगा.’ तो ते सगळं वाचायचा. मग उठून चहा ठेवायचा.

अक्काताईंनी लेकाकडं जायचं ठरवलं. आदर्शचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. उन्हाला बसायला जागा नाही, बोलायला शेजार नाही. दोनदा तिथं राहायला गेल्या होत्या आणि चार दिवसांत परत आल्या होत्या. पण आता हट्टाला पेटल्या. पाचव्या रविवारी साडेसहालाच आदर्श गाडी घेऊन दारात आला. चहाही नको म्हणाला. अक्काताईंची पिशवी भरलेलीच होती. वृषभ ती उचलायला पुढं झाला, तर त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.

त्या गेल्या की घरात प्रणिताला ओळखणारं दुसरं कुणी राहणार नव्हतं. त्यानं ‘राहा’ म्हणायला हवं होतं. कुठल्या तोंडानं म्हणणार? तो चौकटीला टेकून नुसता उभा राहिला.

सात वाजले. त्याच्या खिशातला मोबाइल वाजला.

“आजपण हायच का!” आदर्श गाडीकडं जात पुटपुटला. वृषभनं मोबाइल बाहेर काढला. आज नाव नव्हतं, नुसती तारीख होती. घाईत राहिलं असावं. बेळगावला जायच्या आदल्या रात्री ती बारापर्यंत जागी होती. बंद करावं म्हणून त्यानं बोट टेकवलं आणि ती सुरू झाली.

धून चार पावलं पुढं गेली नाही, तोच तिच्यामागं कुणी तरी गुणगुणू लागलं. बारीक, नाकातल्या नाकात, सूर सोडून. मग बासरी एकदम थांबली आणि वृषभचाच आवाज आला, चिडका, मोठा.

“ए, गप बस की! एक मिनिट गप बसता येत न्हाय तुला?”

“बरं,” प्रणिता म्हणाली.

लगेच बासरी पहिल्यापासून सुरू झाली. आता मागं कुणी नव्हतं. शेवटपर्यंत स्वच्छ, एका चुकीशिवाय. सुरुवात कापायची तेवढी राहिली होती.

अक्काताई उंबऱ्यात थांबल्या होत्या. “ती प्रणी हाय,” त्या म्हणाल्या. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी जावयाच्या तोंडाकडं बघितलं. “परत लावा.”

त्यानं परत लावलं. गुणगुणणं, मग त्याचा तो आवाज, मग ‘बरं’. अक्काताईंनी पिशवी खाली ठेवली आणि त्या त्याच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

“पावणं, मला तिचं ‘बरं’ तेवढं ऐकायचंय. तुमचं बोलणं नगं. ते सोडून लावा.”

वृषभनं पडद्यावरची रेघ बोटानं पुढं सरकवली. बासरी लागली. मागं घेतली. ‘गप बस की’ लागलं. केसभर पुढं, केसभर मागं, किती वेळा केलं. लॅबमध्ये थेंब मोजणाऱ्या बोटालाही ते जमत नव्हतं. ती इतक्या पटकन ‘बरं’ म्हणाली होती, की त्याचं बोलणं संपायच्या आत तिचं सुरू झालं होतं. सतरा वर्षं ती तशीच म्हणत आली होती.

“ते सुटं येत न्हाय, आक्का,” तो म्हणाला.

अक्काताई आणखी पुढं सरकल्या. “मग असू दे. तुमच्यासकट लावा.”

बाहेर आदर्शनं गाडी सुरू करून हॉर्न दिला. “गाडी बंद कर रं!” अक्काताई ओरडल्या. “हितं कायबी ऐकू येईना झालंय!” गाडी बंद झाली. त्यांनी जावयाचा हात मनगटाला धरला आणि मोबाइल स्वतःच्या कानाशी नेला.

प्रणिता गुणगुणली. “ए, गप बस की,” तो तिच्यावर खेकसला. आणि ‘बरं’ यायच्या आतच वृषभनं हंबरडा फोडला, इतका मोठा, की मंगल आपल्या घरातून धावत बाहेर आली. त्यानं भिंत धरली. महिनाभर कुठं होतं कोण जाणे, सगळं एकदम आलं.

अक्काताईंनी मोबाइल कानाला आणखी घट्ट दाबला.

“गप बसा की जरा,” त्या म्हणाल्या. “मला ऐकू द्या.”

वृषभनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. पण त्याला गप बसता येईना.